न झालेल्या वर्षाची तलवार

शोवा ६३, डिसेंबर २०
तोचिझावा

मित्सुए,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याच्या दोन ओळी लिहायची रीत आहे. बर्फ आहे. झालं.

अक्षर कोणाचं म्हणून पाकीट उलटंसुलटं करत बसू नकोस. माझंच आहे. तीन इयत्ता शिकलेल्या बाईचं जसं असायचं तसं आहे. सतरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि तू दर नव्या वर्षाला नुसतं नाव-पत्ता छापलेलं कार्ड टाकतेस, तेव्हा आपण दोघी बरोबरीत. फोन करणार नाही. फोन तू खाली ठेवशील. पत्रही ठेवशील, पण ते पुन्हा उचलता येतं.

तुझ्या बापाला शरद ऋतूत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. लग्न होऊन त्रेपन्न वर्षं झाली, मला त्याने नावाने कधी हाक मारली नाही, नुसतं ‘ए’. आता तेवढंही निघत नाही. उशाशी काठी ठेवली आहे. एकदा आपटली की हो, दोनदा आपटली की नाही. आयुष्यभर मला काही विचारलं नाही त्याने, आणि आता दिवसभर मी त्याला विचारत बसते. पेज हवी? ठक. गरम आहे? ठक ठक.

हे रडगाणं नाही. काम आहे म्हणून लिहिते. तलवारीचं काम.

तीच. योशिताने लोहाराच्या हातची. जिच्यावरून तुम्ही दोघं घर सोडून गेलात. तुला ती दुपार आठवत असेलच, पण मला जशी आठवते तशी सांगते. पाच जण बसले होते, मुठीवर कापड गुंडाळून एकेक तलवार फिरत होती आणि नुसतं पातं बघून कोणाच्या हातची ते ओळखायचा खेळ चालला होता. शेवटी तुझ्या बापाने आपली लाडकी काढली. मग कापड सोडलं, खुंटी काढली, मूठ उतरवली, आणि आतल्या दांड्यावर कोरलेलं सगळ्यांनी वाचलं. गाव, योशिताने, आणि मागच्या बाजूला ‘तेनमेइ नऊ, दुसरा महिना’. सगळे वा वा करत होते. तुझ्याशी लग्न ठरलेला तो सोकिची, तेव्हा तलवारी उजळायचं काम नुकतं शिकून आलेला, म्हणाला, “नाव खोटं आहे.” का, तर एक म्हणजे तेनमेइ नऊला दुसरा महिनाच नव्हता, पहिल्या महिन्यातच त्या वर्षाचं नाव बदललं होतं, तेनमेइ संपून दुसऱ्या नावाचं पहिलं वर्ष सुरू झालं होतं. आणि दुसरं म्हणजे दांड्यावरचा गंज.

तुझा बाप म्हणाला, “या माणसाने पुन्हा या दाराच्या आत यायचं नाही.” तर तूही तुझ्या चपला उचलल्यास.

आता ऐक. म्हाताऱ्याने डाव्या हाताने वाकडंतिकडं लिहून हुकूम काढला आहे, ते नाव कानशीने घासून टाकायचं. खोटं नाव घरात ठेवून त्याला मरायचं नाही. म्हणजे सोकिचीला हाकललं तरी त्याचं बोलणं आत रुतलंच होतं. गावातल्या हाकामादा या तलवारींच्या दुकानदाराला निरोप गेला. तो नव्या वर्षात येऊन तलवार नेईल. खोटी नावं घासून देणं हे त्याचं नेहमीचंच काम. एकदा कानस फिरली की दोनशे वर्षांची अक्षरं म्हणजे चिमूटभर लोखंडाचा भुगा.

तर तुझ्या नवऱ्याला सांग, दोन ओळी लिहून दे म्हणावं: तेव्हा घाई झाली, नाव खरंही असू शकेल. तो आता ओकायामाकडचा मोठा माणूस आहे म्हणतात, त्याचा शब्द हाकामादा ऐकेल. म्हाताराही ऐकेल, वर वर चिडेल.

तुला काय त्याचं, असं विचारू नकोस.

आई

*

शोवा ६४, जानेवारी १२

मित्सुए,

तुझं उत्तर नाही. असलं तरी इथे पोचायचं नाही. पाच तारखेला वळणावर बर्फाचा कडा कोसळला, रस्ता गेला, विजेचा खांब गेला, फोनची तार गेली. टीव्ही बंद. शरद ऋतूपासून रोज टोक्योच्या म्हाताऱ्या महाराजांना ताप किती, रक्त किती दिलं ते ऐकायची सवय झाली होती. आता माझ्या घरातल्या म्हाताऱ्याचाच ताप बघते.

वस्तीत या हिवाळ्यात आपलंच एक घर उघडं आहे. बाकीचे सगळे मुलांकडे गावात गेले. बर्फाने काचा फुटू नयेत म्हणून मी नोव्हेंबरातच खिडक्यांना फळ्या ठोकल्या, त्यामुळे भर दुपारी मेणबत्ती लावून बसलो आहोत दोघं. वरच्या बाजूला बर्फ छपरापर्यंत आलं आहे. दार सकाळी उघडलं तर संध्याकाळपर्यंत पुन्हा अर्धं बुजतं. भात शिजायला जितका वेळ लागतो त्याहून जास्त वेळ मला म्हाताऱ्याला सोडून जाता येत नाही. त्याला मला सोडता येत नाही. आणि कोनाड्यात समोर ती तलवार. तो दिवसभर तिच्याकडे बघतो आणि मी त्याच्याकडे.

एक मात्र सांगते. बर्फाला मी जन्मात पहिल्यांदा बरं म्हटलं. रस्ता बंद म्हणजे हाकामादाही बंद. पण खालून बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालंय. काल त्याचा आवाज अगदी बारीक येत होता, आज जरा मोठा. इतर हिवाळ्यांत तो आवाज आला की मी अंगणात जाऊन उभी राहायचे. आता तो आला की कढईवर जोराने उलथनं आपटते.

तुला वाटत असेल हिला अक्षरं कधीपासून कळायला लागली. तुझा बाप दांड्यांचे ठसे घ्यायचा ना, पातळ कागद लावून वरून शाईची वडी घासायची? कागद हलू नये म्हणून दोन्ही टोकं धरायला मी. वीस वर्षं धरली. समोर उलगडत जाणारं अक्षर मी बघायचे, आणि तो स्वतःशी मोठ्याने वाचायचा. दगड असता तरी शिकला असता. म्हणून मला बिझेन प्रांत वाचता येतो, ओसाफुने गाव वाचता येतं, ‘अमक्या महिन्यात एके दिवशी, अमक्या गावच्या रहिवाशाने केलं’ वाचता येतं, दुसरा महिना आणि आठवा महिना वाचता येतो, कारण लोहार बहुतेक तेवढेच दोन महिने कोरतात, तलवार कधीही घडवलेली असो. पण औषधाच्या पुडीवर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. गोळ्यांच्या रंगावरून देते.

तुझ्या बापाला हे माहीत नाही. कागद धरणाऱ्या हातांना डोळे असतात असं त्याला कधी वाटलं नाही.

दोन ओळी. फार मागत नाही.

आई

*

हेइसेइ १, जानेवारी १४

मित्सुए,

वरचं वर्ष वाचून गोंधळू नकोस, मीही आत्ताच गोंधळून उठले आहे.

पोस्टमन कुमागाइ बर्फात रुतू नये म्हणून पायाला पट्ट्या बांधून दोन तास चढत आला. अंगणातूनच ओरडला, “आजी, आहात की गोठलात?”

म्हटलं, “तुझी पिशवी रिकामी असेल तर परत जा.”

रिकामीच होती. तरी घरात घेतला, चहा दिला, वाळवलेलं पर्सिमॉनचं फळ दिलं. परवाचं पत्र त्याच्या हातात ठेवलं, तर पाकिटावरची तारीख वाचून माणूस हसायला लागला.

“आजी, हे वर्ष संपलं.”

“संपलं काय? सुरू होऊन दोन आठवडे झाले.”

“सात दिवसांतच संपलं. महाराज गेले सात तारखेला. आठपासून नव्या महाराजांचं हेइसेइ एक. अख्ख्या देशाला माहीत आहे.”

“अख्ख्या देशात तोचिझावा येत नाही वाटतं?”

“येतं हो. बर्फ वितळल्यावर.” आणि पुन्हा हसला. “शोवा चौसष्ट, बारा तारीख! असा दिवसच झाला नाही, आजी. पोस्टात दाखवतो, सगळे हसतील.”

मी हसले नाही. मी हातातली किटली खाली ठेवली.

तुला कळलं का? असा दिवसच झाला नाही. पण मी तो लिहिला. माझ्या हाताने, माझ्या शाईने. आणि मी खोटी नाही, नुसती बर्फाखाली आहे.

त्या काळी तर राजधानी जळाली म्हणूनही वर्षाचं नाव बदलायचे. तेनमेइ नऊच्या पहिल्या महिन्यात बदललं असेल. बदललं ते क्योतोत. तिथून ही बातमी पायी चालत आपल्या डोंगरात कधी यायची? योशिताने खिंडीपलीकडचा. दुसऱ्या महिन्यात त्याच्या दारापुढे आपल्याइतकंच बर्फ असणार. त्यात दुष्काळ. कोण जिवंत आणि कोण नाही तेही त्याला माहीत नसेल, वर्षाचं नाव कोण सांगायला येतंय? त्याने जुनंच वर्ष कोरलं. खोटं कोरणारा पंचांग उघडून, तपासून नीट कोरतो. हे चुकलंय म्हणूनच खरं आहे.

तुझ्या नवऱ्याच्या हे डोक्यात आलं नाही, कारण तो दक्षिणेचा. तिथले लोक बर्फ बघायला तिकीट काढून जातात.

कुमागाइ चहा पितोय, आणि मी हे लिहितेय. तो म्हणतो, “आजी, माझ्या वरिष्ठांविरुद्ध तक्रार लिहिताय का?” म्हटलं, “तुझ्याच विरुद्ध.” दोन्ही पत्रं आज खाली जातील. जावयाला सांग, त्याचं वर्षाचं बोलणं पडलं. आता लिहायला हरकत नाही.

आई

*

हेइसेइ १, जानेवारी ३०

मित्सुए,

कुमागाइ पुन्हा चढून आला, तुझं पोस्टकार्ड पोचलं. सतरा वर्षांनी पाच ओळी. बापावर गेली आहेस.

तीनदा वाचलं. सोकिची म्हणतो, वर्षाची चूक त्याला पुढे आपणच कळली होती, ती त्याची चूक, आणि तिच्याबद्दल तो कधीही मान खाली घालेल. पण गंजाबद्दल तो काही लिहिणार नाही. दोनशे वर्षांचा दांडा काळा आणि गुळगुळीत होतो, हा तांबूस होता, तरुण होता. ‘गंज खोटं बोलत नाही.’ आणि खाली तुझी ओळ: ‘आई, तू त्याला खोटं लिहायला का सांगतेस?’

म्हाताऱ्याला वर्षाचं मी सांगितलं होतं. माझ्या पाकिटाची गोष्ट सांगितली. त्याने ऐकलं, मग डाव्या हाताने पाटीवर एकच शब्द लिहिला. गंज. आणि कानशीची खूण केली.

यंत्र आता वळणाच्या खाली आहे. ड्रायव्हर खोकला तरी ऐकू येतं. आठ-दहा दिवस.

म्हणून लिहिते. वाच आणि मग हवं तर फाड.

आपण लढाई हरलो त्या वर्षी तुझा बाप अजून फौजेत होता, कुठे होता तेही माहीत नव्हतं. सासरे त्याआधीच वारले होते. ही तलवार त्यांची. मूठ कधी कोणाला उतरवू द्यायचे नाहीत, मुलालाही नाही. मग घरोघरच्या तलवारी जमा करायचा हुकूम आला. लोकांनी गाड्या भरभरून दिल्या. मी दिली नाही. शूरपणा नव्हता. नवरा परत आला आणि त्याने विचारलं तर काय सांगू, एवढंच. मूठ उतरवली, पातं तेलकट कागदात गुंडाळलं आणि भाताच्या तुसात पुरलं.

पुढच्या शरदात, लोक तलवारी शोधायचे थांबले तेव्हा, बाहेर काढली. पातं चकचकीत. पण मुठीतला दांडा काळाकुट्ट. पातेल्याच्या बुडासारखा. मी एकोणतीस वर्षांची सून. काळं दिसलं की घासायचं, एवढंच मला शिकवलेलं. राख घेतली, काथ्याचा जुडगा घेतला, आणि नदीवर बसून घासला. सगळी दुपार. आणि घासता घासता अक्षरं वर आली. पहिल्यांदाच मी लोखंडात अक्षर पाहिलं. खूश झाले. वाटलं, नवरा येऊन बघेल तर म्हणेल, बायको काय स्वच्छ आहे!

तो आला पुढच्या वर्षी. हाडांचा सापळा. महिनाभराने तलवार काढली, मूठ उतरवली, आणि म्हणाला, “एवढा लाल का आहे?” मी म्हटलं, “मला काय माहीत.” त्याने आपल्याच धुंदीत सांगितलं, दांड्यावरचा गंज म्हणजे तलवारीचं वय, त्याला आयुष्यात कोणी हात लावत नाही, लावणारा माणूस माणूस नव्हे. मी भाजी चिरत होते. चिरत राहिले.

त्या दुपारी तुझा नवरा काय म्हणाला ते तुला आठवतं? मी पहिल्या पत्रात अर्धंच लिहिलं. तो म्हणाला होता, “हा गंज वीस-पंचवीस वर्षांचा आहे.” मी ट्रे घेऊन दारात उभी होते. मनात मोजलं. बरोबर पंचवीस. इतकं अचूक बोलणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आणि मी त्याच्यापुढे चहा ठेवला, आणि तुझ्या बापाने त्याला हाकललं, आणि तू चपला शोधत होतीस तेव्हा त्या कुठे आहेत हेसुद्धा मी सांगितलं नाही.

भीती होती. त्याने मला काढली असती तर तीन इयत्तांवर मी कुठे जाणार होते? पुढे भीती गेली, पण तोवर सवय झाली होती.

जावयाला सांग, त्याने काही लिहू नये. त्याचं बरोबर होतं.

आई

*

हेइसेइ १, फेब्रुवारी ३

मित्सुए,

सांगितलं त्याला.

रीतीप्रमाणे केलं. तलवारीपुढे वाकले, दातांत कागद धरला, श्वासाची वाफ पात्यावर जायला नको म्हणून. खुंटी काढली, मूठ उतरवली. म्हाताऱ्याला वाटलं दुकानदारासाठी आवरते आहे. मग मेणबत्ती जवळ घेतली आणि तोंडातला कागद काढला, कारण कागद धरून बोलता येत नाही. दांड्यावरचं सगळं वाचून दाखवलं. गाव, नाव, वर्ष, महिना.

त्याचा चेहरा बघायला हवा होतास. मांजराने बाजाराचा हिशेब सांगावा तसा बघत होता.

मग म्हटलं, “अहो, हा मी घासला. राखेने. तुम्ही यायच्या आधी. नाव खरं आहे. ते पोरही खरं बोलत होतं. खोटी मी.”

काठी आपटली नाही. हातातून सुटली. डोळे मिटून घेतले.

तेव्हापासून माझ्या हातचं खात नाही. चमचा नेला की तोंड भिंतीकडे. आज तिसरा दिवस. भरवायला दुसरं कोणी नाही, ओरडायला त्याला आवाज नाही, निघून जायला मला रस्ता नाही. एका मेणबत्तीला दोघं. मी पेज करते, थंड होऊ देते, मीच खाते, पुन्हा करते.

हे पाठवायला कोणी नाही. ठेवून देते.

*

हेइसेइ १, फेब्रुवारी १०

मित्सुए,

मागचं पत्र या पाकिटातच घालते.

चौथ्या दिवशी सकाळी चमचा नेला, तर तोंड उघडलं. चांगली दोन वाट्या पेज गेली. मी नुसती वाटी विसळली. बोलले असते तर त्याने पुन्हा मिटलं असतं.

मग त्याने काठीने कपाट दाखवलं. शाई, कुंचला. तलवारीचं साधं लाकडी म्यान. मोठे जाणकार म्यानावर शाईने लिहून देतात ना, तलवार कोणाची, किती चांगली? मला वाटलं, डाव्या हाताने काहीतरी खरडणार. मी शाई उगाळून कुंचला त्याच्या हातात दिला. त्याने तो माझ्याकडे ढकलला.

“मी?”

ठक.

“काय लिहू? तारीफ?”

ठक ठक. आणि बोटाने दांड्यावरचा लाल गंज दाखवला.

मी लिहिलं. ‘या दांड्यावरचा गंज लढाईनंतरच्या पुढच्या वर्षी, आठव्या महिन्यात, या घरच्या बाईने राखेने घासला. कोरलेल्या नावाचा दोष नाही.’ महिना शरदातलाच, पण लोहारांसारखा आठवा घातला.

म्हटलं, “झालं?”

ठक ठक.

“आता काय राहिलं?”

त्याने म्यानाच्या खालच्या रिकाम्या जागेवर काठी ठेवली. तिथे नाव येतं.

“माझं नाव कशाला? घरची बाई लिहिलंय की. घरात दुसरी होती का कोणी?”

ठक ठक. ठक ठक. ठक ठक. दम लागेपर्यंत.

मग लिहिलं. तोसे. त्रेपन्न वर्षांत या घरातल्या कुठल्या वस्तूवर माझं नाव नव्हतं, आता आहे, आणि कशाखाली आहे बघ. त्याने डोळे बारीक करून वाचलं. ठक.

हाकामादा काल आला, यंत्राच्या मागोमाग, हातमोजे घालून, लाकडी पेटी घेऊन. म्यान वाचलं. दोनदा वाचलं.

“बाई, हे कोणी लिहिलं?”

“जिने घासलं तिने.”

“अहो, म्यानावर असं जाणकार लोक लिहितात.”

“मग? घासण्यातली जाणकार इथे मीच आहे.”

त्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं. “नाव घासायचं नाही म्हणता?”

ठक ठक. मी इतकं मोठं ‘नाही’ त्या काठीतून ऐकलं नव्हतं. हाकामादा रिकाम्या हाताने गेला नाही, मुळ्याचं लोणचं दिलं.

पाकिटात पातळ कागद आहे, घडी जपून उलगड. दांड्याचा ठसा आहे. या खेपेला कागद मी धरला आणि शाईची वडी त्याने डाव्या हाताने फिरवली. वाकडा आला आहे, आणि कोपऱ्यात दोन काळी बोटं उमटली आहेत, ती त्याची. सोकिचीला दे. दुसरा निरोप म्हाताऱ्याने दिलेला नाही, आणि मीही माझ्या मनाने काही जोडत नाही. मी विचारलं, “त्या पोराला दाराच्या आत यायचं नाही, ते अजून तसंच का?” त्याने काठी उचलली, आणि बराच वेळ हवेतच धरली. मग आपटली नाही, खाली ठेवली.

रस्ता मोकळा आहे. सकाळची बस वळणापर्यंत येते, पुढे चालावं लागतं. खिडक्यांच्या फळ्या मी आज काढल्या. डोळे दुखतात.

माझं अक्षर म्यानावर बघशील तेव्हा हसू नकोस. नवऱ्यालाही सांग.

हेइसेइ पहिलं वर्ष, दुसऱ्या महिन्यात एके दिवशी.
तोचिझावाची रहिवासी तोसे हिने केलं.